प्रभू लवकर येणार म्हणून हातातलं काम सोडायचं का?

नगरची_लेक

सलाम मंडळी.

बरेच दिवस मनात घोळतंय, ते आज मांडते. २०२५ च्या सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाचा व्हिडिओ जगभर फिरला होता, तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. २३ आणि २४ सप्टेंबरला, यहुद्यांच्या नववर्षाच्या सणात, प्रभू आपल्या लोकांना वर उचलून नेणार, असं आपल्याला दर्शनात कळलं, असा त्याचा दावा. आमच्या कॉटेज मीटिंगच्या (घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभेच्या) ग्रुपवर तो दिवसातून दोन-तीनदा येत होता. २४ तारीख गेली, २५ ला सकाळी दूधवाला आला, शाळा भरल्या. ग्रुपवर त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

माझा भाचा दहावीत आहे. त्या आठवड्यात क्लासवरून घरी आला तर दार नुसतं लोटलेलं, आत कोणी नाही, गॅसवर कुकर तसाच. पाऊस आला म्हणून त्याची आई गच्चीवर कपडे काढायला गेली होती. त्याने राहुरीला आजीला फोन लावला. आजीने ‘हॅलो’ म्हटल्याबरोबर तो हमसून हमसून रडायला लागला. कारण त्याच्या हिशेबात, कोणी वर गेलंच असतं तर आजी सगळ्यांत आधी गेली असती. आजीने फोन उचलला म्हणजे अजून काही झालेलं नाही, आपण मागे राहिलेलो नाही.

तारीख चुकली याचं मला फारसं वाटत नाही. त्या रडण्याचं वाटतं.

प्रभूच्या दुसऱ्या येण्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, हे आधीच सांगते. दर रविवारी जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येणार आहे असं आपण सगळे उभं राहून म्हणतो, ते मी मनापासून म्हणते. पण आमच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, एक तरुण, आयटीआय झालेला, चाकणला चांगल्या कामावर होता, तो ‘आता पुढचं कशाला बघायचं’ म्हणून काम सोडून घरी बसलाय. म्हातारी आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करते.

प्रेषित पौलासमोर हेच आलं होतं. ग्रीसमधल्या थेस्सलनीकाच्या मंडळीला त्याने पहिलं पत्र लिहिलं ते इसवी सन ५० च्या सुमारास. नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणांत ते मोडतं. व्हिडिओवाले त्यातल्या चौथ्या अध्यायाची १६ आणि १७ ही दोन वचनं उचलतात: तुतारी, मेघ, हवेत भेट. पण तोच अध्याय ११ व्या वचनापासून वाचून बघा. शांतपणे राहा, आपापला उद्योग करा, आपल्या हातांनी काम करा. तुतारी त्यानंतर येते. आणि ती का येते? १३ व्या वचनात कारण दिलंय. त्या मंडळीतली काही माणसं वारली होती आणि मागे राहिलेल्यांना घोर लागला होता की आता आपल्या माणसांचं काय होणार. त्यांना धीर द्यायला पौलाने ते लिहिलं. अध्याय संपतो तोही ‘या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा’ असं सांगून. जे शब्द प्रेताशेजारी बसलेल्यांसाठी लिहिले, ते आपण पोरांना घाबरवायला वापरतोय. दुसऱ्या पत्रात तर त्याने स्पष्टच सुनावलंय, ज्याला काम करायचं नाही त्याने जेवूही नये.

तुमच्या घरी, तुमच्या मंडळीत या गोष्टी कशा बोलल्या जातात? मुलांना काय सांगता? खरंच जाणून घ्यायचंय.

वसईचा_वारा

जय ख्रिस्त ताई. भाच्याचं वाचून पोटात कालवलं.

आम्ही कॅथलिक. ‘उचलून नेणे’ हा विषय मी आमच्या प्रवचनांत कधी ऐकलेला नाही. पण शेवटाबद्दल बोलत नाही असंही नाही. आमच्याकडे त्याचा मोसम असतो, नोव्हेंबर. २ नोव्हेंबरला मृतांचा स्मरणदिन. आदल्या दिवशी अख्खं गाव दफनभूमीत. कोणी कबरीवरचं गवत उपटतंय, कोणी नावाच्या अक्षरांत काळा रंग भरतंय, पोरं एका कबरीवरून दुसऱ्या कबरीवर मेणबत्त्या नेतायत. फादर पवित्र पाणी शिंपडत ओळीने फिरतात. माझ्या मुलीला पणजीचं नाव त्या दगडावरूनच पाठ झालं. मरण तिच्या ओळखीचं झालं ते असं, भीती न बसता.

आणि नाताळच्या आधीचा आगमनकाळ. पहिल्या रविवारचं शुभवर्तमान गोठ्याचं नसतं, ‘जागे राहा, तो दिवस तुम्हांला ठाऊक नाही’ याचं असतं. म्हणजे बाळ येशूच्या आधी आम्ही परत येणाऱ्या प्रभूबद्दल ऐकतो. लोक तोवर कंदिलाच्या कागदात गुंतलेले असतात, लक्ष जात नाही, ही गोष्ट वेगळी.

जुनी_पाने

ताईंनी थेस्सलनीकाचा संदर्भ अगदी नेमका दिलाय. तारखांबद्दल थोडं.

अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा शेतकरी-उपदेशक होता. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षं धरून, इसवी सनापूर्वी ४५७ पासून मोजत तो १८४३-४४ पर्यंत आला. शेवटी त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस पक्का केला. हजारो लोक त्या रात्री वाट बघत बसले. काहींनी उभी पिकं काढलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा ती माणसं ढसाढसा रडली, याच्या त्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणी आहेत. ‘मोठी निराशा’ या नावानेच तो दिवस ओळखला जातो. त्यांना हसणं मला जमत नाही. प्रभूवर त्यांचं प्रेम खरं होतं, गणित खोटं होतं.

अलीकडचा दाखला अमेरिकेतल्या हॅरोल्ड कँपिंग या रेडिओ-उपदेशकाचा. २१ मे २०११ ही तारीख त्यांनी रेडिओवरून आणि रस्त्यावरच्या मोठाल्या फलकांवरून जगभर पोचवली. ती टळल्यावर २१ ऑक्टोबर सांगितली. तीही टळली. २०१२ मध्ये त्यांनी जाहीरपणे मान्य केलं की तारीख ठरवणं हे पाप होतं. वयाच्या नव्वदीत, सगळ्यांसमोर असं म्हणायला धैर्य लागतं, आणि हा भाग कुणी फॉरवर्ड करत नाही.

मोठ्या संकटकाळाच्या आधी विश्वासणाऱ्यांना गुपचूप वर नेलं जाईल, ही मांडणी पसरली ती १९ व्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकापासून, आणि १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटिपांतून ती घराघरांत गेली. त्याआधीची अठराशे वर्षं मंडळी दुसऱ्या आगमनाची वाट पाहतच होती, पण या वेळापत्रकाशिवाय. बाकी मत्तय २४:३६ मध्ये प्रभूने स्वतःच सांगितलंय की तो दिवस आणि ती घटका देवदूतांनाही ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. माझ्यापुरता विषय तिथेच संपतो.

जागृत_पिंपरी

प्रभूची स्तुती असो.

तारखा काढणाऱ्यांना माझाही पाठिंबा नाही. पण या धाग्याचा सूर बघून दुसरी बाजू सांगावीशी वाटते, राग मानू नका.

मी पेंटेकॉस्टल मंडळीत वाढलो. आमच्याकडे ‘प्रभू येतो’ हे रोज म्हटलं जातं. ते काढून टाकलं तर आमच्या विश्वासात उरणार काय? माझे पणजोबा नेवासा तालुक्यातल्या एका खेड्यात महारवाड्यात राहायचे. गावच्या विहिरीवर हात लावायची सोय नव्हती. मेलेली जनावरं ओढायची, त्याच्या बदल्यात शिळं तुकडं मिळायचं. तक्रार करायची कुठे? पाटलाकडे? मामलेदाराकडे? कुणीतरी त्यांना पहिल्यांदा सांगितलं की एक दिवस असा येणार आहे ज्या दिवशी सगळ्यांचा न्याय होईल, पाटलाचाही, आणि न्यायासनावर बसणाऱ्याच्या स्वतःच्या हाताला खिळ्यांचे व्रण असतील. हे ऐकून पणजोबांना भीती वाटली नाही. आमच्या घरात सांगतात की ते त्या रात्री झोपलेच नाहीत, आनंदाने.

न्यायाचा दिवस म्हटलं की ज्यांचं सगळं बरं चाललंय त्यांच्या छातीत धस्स होतं. ज्यांच्यावर अन्याय झालाय ते त्याची वाट बघतात. प्रकटीकरणाचं पुस्तक कुणासाठी लिहिलं गेलं ते बघा. रोमी साम्राज्याच्या जाचाखाली असलेल्या आशिया प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) सात मंडळ्यांसाठी. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. लिहिणारा पात्मोस बेटावर अडकलेला. वधलेल्यांचे आत्मे वेदीखालून ओरडतात, ‘हे प्रभू, कुठवर?’ हा प्रश्न आमचाही आहे. त्यातला पशू कोण, ६६६ म्हणजे आधार कार्ड की लस, असल्या चर्चेत आपण तो प्रश्नच हरवून बसलो.

म्हणून तारखांपासून सावध राहा, पण झोपू नका. दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघणाऱ्या दहा कुमारींपैकी पाच जणींचं तेल संपलं होतं हेही प्रभूनेच सांगितलंय.

नगरची_लेक

जागृत दादा, राग कसला? तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. आमच्याही घराण्याची गोष्ट हीच आहे, फक्त गाव वेगळं. ‘कुठवर’ हा प्रश्न आपल्या पोरांना कळायला हवा, त्याशिवाय न्यायाचा दिवस म्हणजे त्यांना नुसती शिक्षा वाटते.

तेलाबद्दल एक विचारते. त्या दाखल्यानंतर लगेच त्याच अध्यायात काय येतं? मालकाने सोपवलेल्या पैशांचा हिशेब. आणि मग शेरडं-मेंढरं: मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही खायला दिलं, आजारी होतो तेव्हा समाचाराला आला. मत्तय २५ मध्ये जागं राहणं म्हणजे काय, हे प्रभूने स्वतःच पुढे उलगडून दाखवलंय, आणि तिथे आकाशाकडे डोळे लावून बसलेला एकही माणूस नाही. करिंथच्या पहिल्या पत्रात १५ वा अध्याय पुनरुत्थानाचा, अंत्यविधीला नेहमी वाचतात तो. मरणा, तुझी नांगी कुठे, इथवर आवाज चढत जातो, आणि शेवटचं वचन म्हणतं, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. पान उलटलं की १६:१, वर्गणीची गोष्ट! यरुशलेमच्या गरजू बांधवांसाठी आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने थोडे थोडे पैसे बाजूला काढा. मूळ पत्रात अध्यायांचे आकडे नव्हते, एका दमात लिहिलंय. तुतारी वाजवता वाजवता पौल पैशांच्या पिशवीवर येतो आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. मला हा पौल फार आवडतो.

त्या चाकणच्या मुलाला हे सांगायला कोणी जायला तयार आहे का, हा माझा खरा प्रश्न आहे. त्याची जवळची माणसं त्याला एकतर हसतात किंवा त्याच्या विश्वासाचं कौतुक करतात.

जागृत_पिंपरी

चाकण मला लांब नाही. व्यनि (खासगी निरोप) करतो. मी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलू शकेन, तो माझ्यासारखाच आहे.

कट्ट्यावरचा_वाचक

मी ख्रिस्ती नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतोय. एक शंका. आमच्याकडे देह जुन्या वस्त्रासारखा टाकायचा आणि आत्मा पुढे जातो असं लहानपणापासून कानावर. तुमच्याकडेही आत्मा स्वर्गात जातो असंच मी समजत होतो. मग शरीर पुन्हा उठण्याची गरज काय? आणि मरण ते शेवटचा दिवस या मधल्या काळात माणूस असतो कुठे?

वसईचा_वारा

तुम्ही मुळालाच हात घातलात.

मधल्या काळाबद्दल आमच्यात दोन सूर आहेत. आम्ही कॅथलिक शुद्धिस्थान मानतो, म्हणजे स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होण्याची अवस्था, म्हणून मृतांसाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करतो. प्रॉटेस्टंट मंडळी ते मानत नाहीत, मेलेला विश्वासी प्रभूजवळ आहे एवढं ते म्हणतात. पण ती दोघांसाठीही शेवटची अवस्था नाही. शेवट म्हणजे शरीरासकट उठणं. आत्मा सुटला आणि गोष्ट संपली, असं आम्ही म्हणत नाही.

का, तर प्रभू तसा उठला. शिष्यांना वाटलं भूत आहे. त्याने खायला मागितलं आणि त्यांच्यासमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला, लूक २४. थोमाला हाताचे व्रण दाखवले. माझ्या सर्वांत जवळचा प्रसंग योहान २१ मधला. रात्रभर जाळं टाकून काही लागलेलं नाही, पहाट झालीय, किनाऱ्यावर निखारे पेटवलेत, त्यावर मासळी, बाजूला भाकर, आणि मरणातून उठलेला प्रभू म्हणतो, या, न्याहारी करा. आमच्या पाचूबंदरला होडी परत येण्याची वेळ ज्याने पाहिलीय त्याला यात काही समजावून सांगावं लागत नाही. ज्याने मरण जिंकलं त्याने पहिल्या काही दिवसांत दमलेल्या माणसांसाठी चूल पेटवली. देह टाकाऊ असता तर त्याने हे केलं नसतं.

रात्रपाळी

वसईकरांच्या शेवटच्या वाक्यावर थांबले. मी नर्स आहे, मिरजेला शिकले, आता घरी जाऊन रुग्णसेवा करते.

सध्या एक आजोबा आहेत, अर्धांगवायू, बोलता येत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाडाजवळची कातडी लाल झाली की दाबून बघायचं, लाली जाते की तशीच राहते. तशीच राहिली तर जखमेची सुरुवात. पोटऱ्यांखाली उशी घालायची म्हणजे टाच गादीला टेकत नाही. चादरीला एक चुणी राहता कामा नये, ती चुणीही रात्रभरात कातडी फाडते. त्यांचा मुलगा एकदा मला म्हणाला, सिस्टर, आता काय उरलंय, माती तर आहे. वाईट नव्हता, दमला होता बिचारा.

माती आहे खरी. पण देवाने हीच माती उठवायची ठरवलीय, असं मी मानते. म्हणून पाठ पुसताना माझा हात घाईने चालत नाही. पुनरुत्थानावर मला प्रवचन देता येणार नाही. माझ्यासाठी त्याचा अर्थ रोज रात्री दोन वाजता उठून त्यांची कूस बदलणं एवढा आहे.

अबोली

मी पहिल्यांदाच लिहितेय. रात्रपाळी ताईंमुळे धीर आला.

माझी आई २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेली. आम्ही कॅथलिक. दफनभूमीत त्या दिवशी सोय होत नव्हती, प्रेत ठेवायला जागा नव्हती, आणि संध्याकाळी तिला विद्युतदाहिनीत न्यावं लागलं. आम्ही दोघी बहिणी बाहेर फाटकाशी उभ्या. चेहरा बघायला मिळाला नाही. एका छोट्या मडक्यात अस्थी हातात दिल्या. पुढे एका नातेवाईक बाईंनी सगळ्यांसमोर म्हटलं, जाळलं म्हणजे आता शेवटच्या दिवशी उठणार कशी? तेव्हापासून ते मडकं कपाटात आहे. कुणाला विचारायची हिंमत झाली नाही. आई उठेल ना?

जुनी_पाने

अबोलीताई, उठेल. ठामपणे सांगतो, आणि हे माझ्या मनचं नाही.

इसवी सन १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. युसेबियस या प्राचीन इतिहासकाराने आपल्या ‘मंडळीचा इतिहास’ या ग्रंथात त्या मंडळीचं पत्रच उतरवून ठेवलंय. मारणाऱ्यांनी हुतात्म्यांची प्रेतं जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटली. का, हेही त्यात आहे: यांना पुनरुत्थानाची आशा उरू नये म्हणून. म्हणजे तुमच्या नातेवाईक बाईंचं म्हणणं हुतात्म्यांना मारणाऱ्यांचं होतं, मंडळीचं नव्हतं. मंडळीने त्या माणसांना संत म्हणून आजवर जपलंय. मंडळी पुरण्याची चाल पाळत आली ती आदरापोटी. राखेपुढे देवाचं काही चालणार नाही, असं तिने कधी मानलं नाही.

करिंथच्या १५ व्या अध्यायात ‘मेलेले कसे उठतात, कसल्या शरीराने येतात’ हा प्रश्न विचारणाऱ्याला पौल बियाण्याचं उदाहरण देतो. पेरतो तो नुसता दाणा, वर येतं ते निराळंच, आणि शरीर देतो तो देव. मातीतही काही वर्षांनी काय उरतं, ताई? देवाला दोन्हीकडून सारखंच नव्याने करायचंय.

वसईचा_वारा

यात आमच्या किनाऱ्याची एक गोष्ट घालतो. कोळीवाड्यात अशी घरं आहेत ज्यांच्या माणसाला कबरच नाही, होडी गेली ती गेली. त्यांच्यासाठी प्रकटीकरण २०:१३ आहे, समुद्राने आपल्यातले मृत बाहेर दिले. ज्याने हे लिहिलं तो बेटावर होता, चारी बाजूंनी समुद्र बघत होता.

आता कामाचं बोलतो. कॅथलिक चर्चने दहनावरची बंदी १९६३ मध्येच उठवली आहे, पुनरुत्थान नाकारण्यासाठी ते केलेलं नसलं म्हणजे झालं. तुमचं तर नाइलाजाचं होतं. केरळमध्ये आलप्पुळाच्या लॅटिन धर्मप्रांताने २०२० च्या जुलैत कोरोनाने गेलेल्यांचं दहन करून अस्थी चर्चच्याच दफनभूमीत पुरल्या. २०१६ च्या रोमच्या सूचनेत एक मात्र सांगितलंय, अस्थी घरी ठेवू नयेत, उधळू नयेत, पवित्र जागेत ठेवाव्यात. तेव्हा कपाटातलं मडकं आता बाहेर काढायचं.

आईच्या माहेरची किंवा तुमची कौटुंबिक कबर असेल तर त्यातच ठेवता येतं, नवी जागा लागत नाही. आधी पॅरिशच्या फादरांना भेटा, सगळं जसं झालं तसं सांगा. मृत्यूचा दाखला आणि दहनाची पावती सोबत न्या, ऑफिसात नोंदीसाठी विचारतील. प्रार्थना करून, आशीर्वाद देऊन अस्थी पुरता येतात, आणि तेव्हा न झालेली मिस्साही आता त्याच दिवशी ठेवता येते. बहिणीला बोलवा. ज्या बाई बोलल्या त्यांनाही बोलवा, जमलं तर.

अबोली

पावती आहे. शनिवारी फादरांकडे जाते.

रात्रपाळी

अबोली, तू कुठल्या भागात असतेस? जवळ असशील तर मीही येते सोबत. शनिवारी दुपारी मला सुटी असते.